काटकोनाच्या रिकाम्या चौकटी

काटकोन जिना उतरतोय हे आमच्या इमारतीत बघून नाही, ऐकून कळायचं. पावलं मध्येच थांबली की समजावं, कुणाच्या तरी दारावरची पाटी तिरकी होती आणि आता ती सरळ होते आहे. दुसऱ्याच्या घरी चहाला गेला तरी आधी भिंतीवरचे फोटो नीट करणार, मग बूड टेकणार. एकदा सांत्वनाला म्हणून गेला, तर रडणाऱ्या माणसांच्या डोक्यांवरून हात घालून कॅलेंडर सरळ करून आला. काटकोन हे नाव त्याला पहिल्यांदा कुणी ठेवलं ते कुणी कबूल करत नाही. पण त्याच्या बायकोनंही ते कधी खोडून काढलं नाही, यावरून काय ते समजा. बायकोला सगळी इमारत काकू म्हणते.

धंदा फोटोफ्रेमचा. दुकान म्हणजे दोन माणसं आत शिरली की तिसऱ्यानं बाहेर थांबावं एवढं. काच कापायचं टेबल, पट्ट्या तिरक्या कापायची करवत, सरसाचा वास, आणि भिंतीवर लोक. विकायचे नव्हेत, विसरलेले. फोटो मढवायला टाकून परत न आलेल्यांचे. आता तुम्ही म्हणाल, आपल्या माणसाचा फोटो कोण विसरतं? काटकोनाला विचारा. बाप गेला की पोरं धावत येतात, चांगलं लाकूड लावा म्हणतात, मोठी काच घाला म्हणतात. फ्रेम तयार होईपर्यंत दुःख निम्म्यावर येतं आणि वाटणीची भांडणं दुपटीवर जातात. मग फोटो कुणाच्या घरी न्यायचा यावरून अडतं, आणि बाप इथेच राहतो. लग्नाच्या फोटोंचं तर विचारूच नका. काही जोडपी फ्रेम सुकेपर्यंतसुद्धा जुळलेली राहिली नाहीत.

ही सगळी मंडळी काटकोनानं वर्षानुवर्षं पुसून, सरळ टांगून सांभाळली. त्यातली एक म्हातारी त्याची फार लाडकी. हसता हसता तोंडावर हात धरलेली, डोळे मिटलेले. तिला त्यानं सागवानी फ्रेम घातली होती, गिऱ्हाइकानं साधी सांगितली असताना. काकू म्हणायची, "माझा एवढा मोठा फोटो कधी लावलात का घरात?" त्यावर काटकोन म्हणायचा, "तू आहेस ना घरात."

मग जागेच्या मालकाचा निरोप आला. दुकान रिकामं करा, भाचीच्या नवऱ्याला मोबाइलच्या कव्हरांचं दुकान टाकायचंय. मुदत दिली, ती वाढवूनही दिली, माणूस काही वाईट नव्हता. भिंतीकडे बघून एवढंच म्हणाला, "हे मागे ठेवू नका हं. नाहीतर मला भंगारवाल्याला बोलवावं लागेल."

धंदा जाणार याचं काटकोनानं फार मनाला लावून घेतलं नाही. धंदा तसाही आचके देत होता. पण भिंतीवरची माणसं भंगारात जाणार हे त्याच्या घशाखाली उतरेना. घर दोन खोल्यांचं, त्यात काकूची शिलाई मशीन. परक्यांचे बाप ठेवायचे कुठे? तेव्हा त्यानं ठरवलं, ज्याचा त्याला परत द्यायचा. चिठ्ठ्या कधीच हरवलेल्या, फोन नंबर बदललेले. मग भाच्यानं टाकून दिलेल्या कॉम्प्युटरवर त्यानं स्वतः वेबसाइट बनवायला घेतली. प्रत्येक फोटो तिथे लावायचा, खाली ओळख लिहायची, लोक बघतील, ओळखतील, घेऊन जातील.

भाचा म्हणाला होता, मामा, तयार साच्यात बनवा, दोन तासांचं काम. पण दुसऱ्यानं कापलेल्या पट्टीवर या माणसानं आयुष्यात कधी खिळा मारला नव्हता. व्हिडिओ बघून बघून एकेक ओळ स्वतः टंकली. प्रत्येक फोटोभोवती चौकट काढली, लाकडासारखी तपकिरी, आतून बारीक सोनेरी रेघ. फोटोचं माप, चौकटीचं माप, खालच्या ओळीचं माप, सगळं पडद्यावर पट्टी धरून. हो, खरीखुरी लाकडी पट्टी. त्याच्या पडद्यावर ते पान इतकं देखणं दिसायचं की दुकानातली भिंतच आत गेल्यासारखी वाटावी.

मग मोठ्या ऐटीत तो ते पान दाखवायला तळमजल्यावरच्या शिक्षकाच्या घरी गेला. शिक्षकाच्या कॉम्प्युटरवर ब्राउझर दुसरा. त्यात अक्षरं अंमळ मोठी दिसायची, त्यामुळे एका फोटोखालची ओळ तुटून दोन ओळी झाल्या आणि तिथून पुढची सगळी रांग एकेका घरानं सरकली. तीन बहिणींच्या फोटोखाली "निवृत्त फौजदार". फौजदाराखाली "बाळ, पहिला वाढदिवस". आणि एका कुत्र्याच्या फोटोखाली "पदवीदान समारंभ, थोरली मुलगी". शिक्षक हसून हसून खुर्चीतून घसरला. काटकोन हसला नाही. त्यानं शिक्षकाचा पडदा जरा सरळ केला आणि घरी आला.

तिथून जे सुरू झालं त्याला आगीतून फुफाट्यात म्हणतात. खाली घसरू नये म्हणून त्यानं प्रत्येक गोष्ट मापानं जागच्या जागी ठोकली, तर फोनवर अर्धी रांग पडद्याबाहेर गेली. फोनवर नीट केलं, तर शिक्षकाकडे सगळे फोटो एकावर एक चढले, घोळक्यानं फोटो काढल्यासारखे. शिक्षकाकडे बसलं, तर इमारतीतल्या शिंप्याच्या पोरीच्या फोनवर चौकटी गोल झाल्या. गोल! काटकोनाच्या! इमारतीत कुणी फोन हातात धरलेला दिसला की हा म्हणायचा, जरा एक पान उघडता का. लोक त्याला बघून फोन खिशात घालू लागले. पुढे पुढे तर न उघडताच म्हणायचे, हो हो, दिसतंय की, झकास दिसतंय.

एकदा तो काकूला म्हणाला, "भिंत एक असते गं. खिळा मारला की संपलं. इथं प्रत्येकाच्या हातात वेगळी भिंत आहे, आणि मला ती दिसतसुद्धा नाही."

काकू सुईत दोरा ओवत होती.

मुदत संपत आली तेव्हा शेवटी ते बसलं. ओळी जिथल्या तिथे, चौकटी काटकोनात, फोनवर एकाखाली एक, मोठ्या पडद्यावर रांगेत. एकच अडचण उरली. फोटो जड होते, फोनवर उघडायला युगं लागायची. तेव्हा त्यानं कुठूनसं शिकून ते सगळे नव्या, हलक्या जातीच्या फोटोंत बदलून टाकले. त्याच्या पडद्यावर पापणी लवायच्या आत उघडले. आतल्या खोलीतूनच त्यानं हाक मारली, "अगं, तुझ्या फोनवर बघ. दिसतंय का?"

काकूचा फोन जुना, त्यातला ब्राउझरही जुनाच. स्वयंपाकघरातला भांड्यांचा आवाज थांबला. मग तिचा आवाज आला, "दिसतंय."

इतक्या महिन्यांत तो पहिल्यांदा शीळ घालत आंघोळीला गेला. दुसऱ्या दिवशी दुकानाच्या शटरवर, वाण्याच्या खांबावर, दवाखान्याच्या जिन्यात साइटच्या पत्त्याचे कागद चिकटले. अगदी ओळंब्यात.

पण कुणी आलं नाही. रोज दुकान उघडून हा स्टुलावर बसायचा, भिंतीवरची माणसं त्याच्याकडे बघायची, हा रस्त्याकडे. मालकाच्या भाचीचा नवरा मोजमाप घेऊन गेला. करवत विकली गेली. कोपऱ्यावर भंगारवाल्याची गाडी आली की काटकोन तिच्याकडे पाठ करून बसायचा.

शेवटच्या दिवशी काकू बांधाबांधीला आली होती. दोघं काचांना वर्तमानपत्र गुंडाळत होते, तेवढ्यात एक तरुण जोडपं दारात उभं राहिलं. मुलीच्या हातात जुनाटसा फोन. काटकोन ताडकन उठला. हात झटकले, शर्ट खाली ओढला. कुणाचा फोटो, म्हणून विचारू लागला, आजोबा का, आजी का?

मुलगी गोंधळली. म्हणाली, "नाही काका, आम्हाला रिकामी फ्रेम हवी होती. तुमच्या साइटवर आहेत ना? नवीन घर आहे आमचं. ही तपकिरी फार आवडली."

तिनं फोन पुढे केला. काटकोनानं चष्मा लावला.

पान अगदी मनासारखं दिसत होतं. एकाखाली एक चौकटी, चारही कोपरे काटकोनात, सोनेरी रेघ कुठे तुटलेली नाही, खालची ओळ बरोब्बर मध्यभागी. अशी ती कुठल्याच ब्राउझरमध्ये कधी बसली नव्हती. आणि आत काही नव्हतं. निवृत्त फौजदार, पांढरं. तीन बहिणी, पांढरं. "आजी, हसताना," आणि वर पांढरं.

"हे खाली लिहिलंय ते फ्रेमचं डिझाइन ना?" मुलानं विचारलं.

काटकोन मागे वळला. काकू वर्तमानपत्र गुंडाळत होती. गुंडाळून झालेल्या काचेलाच पुन्हा गुंडाळत होती.

"तू बघितलं होतंस?"

"बघितलं होतं."

"असंच?"

"असंच." मग खाली बघूनच म्हणाली, "तुम्ही दमला होता हो. म्हटलं, आता पुन्हा काही हललं तर हा माणूस मोडेल. आणि चौकटी इतक्या सरळ होत्या."

काटकोनानं आरडाओरडा केला असता तर बरं झालं असतं, असं काकू नंतर तिसऱ्या मजल्यावर सांगत होती. त्यानं मान हलवली, एवढंच. मग ती सागवानी फ्रेम भिंतीवरून उतरवली, टेबलावर पालथी ठेवली आणि पक्कडीनं मागचे बारीक खिळे, चुके, उपटायला लागला. मुलगी म्हणाली, "अहो, यात कुणाचा तरी फोटो आहे. तुमच्या कोण?"

"कुणी नाही," काटकोन म्हणाला.

"मग राहू दे ना. दुसरी द्या."

"दुसऱ्यांतही आहेतच."

म्हातारी बाहेर आली तेव्हा कडेला पिवळी पडलेली होती, मधे स्वच्छ. जोडपं फ्रेम घेऊन गेलं. जाताना मुलगी दोनदा मागे वळून बघत होती. म्हातारीचीच फ्रेम गेली होती, मग उरलेल्यांना तरी कशाला लाकूड? संध्याकाळपर्यंत नवराबायको चुके उपटत बसले. फोटो काकूच्या जुन्या सुटकेसमध्ये गेले, फ्रेमा भंगाराच्या गाडीवर. गाडीवर त्या एकाखाली एक अशा रचल्या होत्या, सगळ्या रिकाम्या. फोनवर दिसत होत्या अगदी तशाच. शिक्षक तिथून जात होता, त्याच्या हे लक्षात आलं. पण यावेळी तोही हसला नाही.

सुटकेस आता काकूच्या मशीनखाली असते. पाय ठेवायला अडचण होते, म्हणून ती तिरकी बसून शिवते. काटकोन जिन्यात थांबत नाही. आमच्या दाराची पाटी गेले कित्येक दिवस वाकडी आहे. मुद्दाम वाकडी करून ठेवली, तरी तो नुसता समोरून गेला.

साइट मात्र सोडलेली नाही. जुन्या ब्राउझरांना ती हलकी जात वाचताच येत नव्हती, म्हणून फोटो पुन्हा जुन्या जातीचे केले, तर म्हणे ओळी परत घसरल्या. दुकानाचा पत्ता काढायचा राहिलाय, तिथे आता कव्हरं मिळतात. परवा दुपारी भिंतीपलीकडून त्याची हाक ऐकू आली, "अगं, दिसतंय का?"

मशीन थांबली. खुर्ची सरकल्याचा आवाज आला, मग काकूच्या चपला आतल्या खोलीपर्यंत गेल्या.

"नाही दिसत," ती म्हणाली.

"बरं," काटकोन म्हणाला. थोड्या वेळानं मशीन पुन्हा सुरू झाली.