नाना ‘बस’ म्हणाले नाहीत

माझ्या वडिलांच्या उजव्या पायाचा अंगठा मी जाळला. ही गोष्ट मी आजवर कुणालाच सांगितलेली नाही. बायकोलाही नाही, आणि तिला मी एरवी सगळं सांगतो, कारण तिने ते आधीच शोधून काढलेलं असतं.

मुद्दाम जाळला नाही, हे लगेच सांगून टाकतो. घरात, रविवारी सकाळी, मायेने आणि त्यांच्याच सांगण्यावरून जाळला. शिवाय मी शहाद्याजवळच्या एका शाळेत विज्ञान शिकवतो, त्यामुळे काम पद्धतशीर झालं.

आमचं गाव तापीच्या काठावर, प्रकाशा आणि सारंगखेड्याच्या मध्ये कुठेतरी. वडिलांना सगळा गाव नाना म्हणायचा. नानांना बारा वर्षांपासून साखर होती आणि चारेक वर्षांपासून पायाला काही कळत नव्हतं. ही दुसरी गोष्ट आजार आहे, असं आमच्या घरात कुणाला वाटलंच नाही. आम्हाला तो पराक्रम वाटायचा! कापूस उपटलेल्या रानात नाना अनवाणी फिरायचे. एकदा बाभळीचा काटा तळपायात मोडला, तो दुसऱ्या दिवशी शेजारच्या मोहनकाकांना दिसला.

“नाना, काटा मोडी गया पायमा. दुखी नही ऱ्हायना का?”

“काटाले इचार,” नाना म्हणाले, “त्याले दुखनं व्हई.”

हे वाक्य पारावर वर्षभर चाललं. मीही ते शिक्षकांच्या खोलीत ऐकवलं, अभिमानाने. मज्जासंस्था हा धडा मी वीस वर्षं शिकवतोय, हे त्या वेळी माझ्या ध्यानात आलं नाही.

आमच्या घरात एकच माणूस शहाणं होतं आणि ते सुरतेला दिलं होतं. माझी मोठी बहीण, अक्का. माझ्याहून सहा वर्षांनी मोठी. मला तिने कडेवर घेऊन वाढवलं, आणि ती सांगते त्याप्रमाणे मी लवकर उतरलो नाही. त्या वर्षी भाऊबीजेला ती नानांसाठी सँडल घेऊन आली. साखरेच्या लोकांसाठी मुद्दाम बनवतात तसले: आतून गादी, पुढून बंद, वरून चर्रकन उघडणारा पट्टा. दिसायला दोन लहान होड्या.

मोहनकाका कुंपणावरून म्हणाले, “नाना, हाई जोडा घालाना शे का पाळाना?”

अक्का हसली नाही. “नाना, अनवानी फिरू नका. घरमा बी घाला. रोज तळपाय दखा. वाकता येत नही त खाले आरसा धरा.”

“पाय दखाले आरसा?” नाना म्हणाले. “मी तोंड दखाले कधी धरा नही.”

पण अक्का गेल्यावर त्यांनी धरला. चोरून, आईचा कुंकवाचा आरसा. आणि सगळा घोळ तिथून सुरू झाला, कारण आरशात त्यांना अंगठ्याखाली कुरूप दिसलं. हरभऱ्याएवढं, कडक, पिवळट. दुखत अर्थातच नव्हतं. पण आपल्या पायाखाली काहीतरी आपल्याला न विचारता उगवलंय, याचा नानांना अपमान वाटला. त्यात सारंगखेड्याची घोड्यांची यात्रा पंधरवड्यावर आलेली. नाना दर वर्षी जायचे. घोडा घ्यायचा नसायचाच. घोड्याचे दात बघून त्याच्या मालकाला त्याचं वय सांगायचं असायचं. त्यासाठी दिवसभर चालावं लागे.

“बिब्बा लाई दे,” नाना मला म्हणाले.

आई आणि बायको दोंडाईच्याला साखरपुड्याला गेल्या होत्या. नानांनी दिवस बघूनच विषय काढला होता. डॉक्टरकडे जाऊ, असं मी म्हणालो. (एकदाच म्हणालो. दुसऱ्यांदा म्हणायचा स्वभाव नाही. तोच तर सगळा घोटाळा आहे.)

“कुरूपसाठे डॉक्टर? तुन्हा आजलानी जलमभर बिब्बा लावा. तू मास्तर शे का पावना?”

ज्यांनी बिब्बा पाहिला नाही त्यांच्यासाठी सांगतो. ते एक काळं, चपटं फळ. दाभणाला टोचून दिव्यावर धरलं की आतून तेल उकळून येतं. ते थेंब थेंब कुरपावर सोडायचं. आजूबाजूला चुना लावायचा, कारण ते तेल कातडीला लागलं तर कातडी माफ करत नाही. आता किती थेंब सोडायचे? याचं माप आमच्याकडे एकच. ज्याचा पाय असतो तो ओरडतो, ‘बस!’ तिथे थांबायचं. पिढ्यान्‌पिढ्या हे माप चुकलेलं नाही.

मी पाय मांडीवर घेतला, चुना लावला, दाभण धरलं.

“नाना, बस?”

“कसानं बस? सुरू त कर.”

सुरू करून चार थेंब झाले होते.

नाना पेपर वाचायला लागले. केळीवरच्या रोगाचा लेख होता, मोठ्याने वाचत होते. मी दुसरा बिब्बा टोचला.

“आता बस?”

“तुन्हा हात मोठा हलका शे रे,” नाना म्हणाले.

आता हे समजून घ्या. माझं वय तेव्हा सत्तेचाळीस. सत्तेचाळीस वर्षांत वडिलांनी केलेलं हे माझं पहिलं कौतुक. मी तिसरा बिब्बा घेतला.

खोलीत वास सुटला. मला वाटलं शेजारी काहीतरी करपलंय. शेजाऱ्यांनाही तेच वाटलं असावं, कारण मोहनकाकांनी आवाज दिला, “मास्तर, वहिनी घर नही, मंग कसाना वास ई ऱ्हायना?”

“काही नही काका, दूध उतू गयं!”

ते पहिलं खोटं. नंतर सवय झाली.

दुसऱ्या दिवशी अंगठ्याखाली मोठा फोड आला, तिसऱ्या दिवशी तो फुटून काळं पडलं. आम्ही दोघांनी आरशात बघितलं. “दुखस का, नाना?” मी विचारलं. “काहीच नही. काळं पडनं म्हंजे मुळासकट जळनं,” ते म्हणाले. मुळासकट जळलं होतं, यात शंकाच नव्हती. फक्त कशाचं मूळ ते आम्हाला माहीत नव्हतं. आईला दिसू नये म्हणून त्यावर मोजा आला. मोज्यावर अक्काचे सँडल आले. सँडल घातलेले बघून आई खूश झाली आणि तिने फोन करून अक्कालाही कळवलं. अशा रीतीने घरातले सगळे समाधानी होते.

यात्रेला मी नानांना मोटारसायकलवर घेऊन गेलो. तीन तास ते उन्हातान्हात घोडे बघत होते. एका परप्रांतातल्या व्यापाऱ्याकडे पांढरी घोडी होती. नाना तिच्यासमोर बराच वेळ उभे राहिले. व्यापारी खाली बघून म्हणाला, “बाबा, ये खून आपका है या घोडी का?”

सँडलमधून लाल पाणी मातीवर उतरत होतं. नानांनी शांतपणे खाली बघितलं आणि म्हणाले, घोडीचं असेल. आणि वाकून त्यांनी घोडीचे चारही पाय एकेक करून उचलून तपासले.

चारही उत्तम होते.

घरी आईने सँडल काढला तेव्हा मोजा सुटेना. कोमट पाणी घालून सोडवला. जे दिसलं त्याचं वर्णन करत नाही. आई खाली बसली आणि म्हणाली, “हाऊ जोडा चावना.” मी दारात उभा होतो. बोलायला एवढी सोपी जागा मला पुन्हा मिळाली नाही.

नंदुरबारला डॉक्टरांनी भिंग लावून बघितलं. “याला चटका दिलाय का? बिब्बा, ॲसिड, काही लावलं होतं?”

आई म्हणाली, “नही हो, जोडा चावना.” नाना छताकडे बघत होते. डॉक्टरांनी माझ्याकडे बघितलं.

“मी विज्ञान शिकवतो, डॉक्टर,” मी म्हणालो. “आमच्या घरात असलं काही चालत नाही.”

अंगठा आणि शेजारचं बोट गेलं. शुद्धीवर आल्यावर नानांनी पहिलं वाक्य उच्चारलं, “आते दुखस.” जो अंगठा असताना कधी दुखला नाही, तो गेल्यावर दुखायला लागला. डॉक्टर म्हणाले, असं होतं. मी मान डोलावली. विज्ञान शिकवतो ना.

दुपारच्या गाडीने अक्का आली. आई तिला दारातच म्हणाली, “तुन्हा जोडानी तुन्हा बापना आंगठा खादा.” डॉक्टरांना दाखवायला आईने आणलेला तो सँडल खाटेखाली होता. तो उचलून तिने आत हात घातला आणि गादी पुन्हा पुन्हा चाचपली. खिळा शोधत होती. खडा शोधत होती. काहीच नव्हतं, मऊ होतं.

“कथं टोचनं व्हई रे, भाऊ?” तिने मला विचारलं.

मी सलाईनकडे बघत होतो. थेंब मोजत होतो. थेंब मोजण्यात मी किती तरबेज आहे, हे वर आलंच आहे.

आईने फर्मान काढलं, ते सँडल घरात नकोत. मी ते प्रकाशाला नेऊन तापीत टाकले. पुरावा नष्ट करणारे लोक दगड का बांधतात, हे मला तेव्हा कळलं. गादीचे सँडल बुडत नाहीत! दोघं जोडीने, बदकांसारखे, संथ पाण्यात तरंगायला लागले. एका नाववाल्याने मोठ्या तत्परतेने नाव वळवली, दोन्ही गोळा केले आणि धापा टाकत काठावर आणून दिले. “मास्तर, तुमना जोडा पडना पानीमा.” मी त्याचे आभार मानले. आणखी काय करणार? मग म्हणालो, तुम्हीच ठेवा. त्याने तिथेच घातले, चर्रकन पट्टा लावला, दोन पावलं चालून बघितलं. दोन पावसाळे झाले, तो अजून तेच घालतो. दिवसभर पाय पाण्यात, पण टाचेला भेग नाही की बोटांत चिखल्या नाहीत. मी दर वेळी बघतो. सँडलमध्ये काही दोष नव्हता, याची मला अशी नियमित खात्री करून दिली जाते.

नाना पुढे दीड वर्ष जगले. गेले ते हृदयाने, पायाने नव्हे. त्या दीड वर्षात त्यांचे पाय मी सांभाळले. पाणी आधी माझ्या कोपराने तपासायचो. धुऊन बोटांच्या बेचक्या कोरड्या करायच्या, कारण ओल राहिली की तिथे कातडी कुजते. तळव्यांना तेल, पण बेचक्यांत नाही. नखं सरळ कापायची, कोपरे कोरायचे नाहीत. चप्पल घालण्याआधी झटकून आत हात फिरवायचा. आणि कुरपाला घरच्या माणसाने हात लावायचा नाही, विशेषतः हलक्या हाताच्या. सगळं मला येत होतं. फक्त जरा उशिरा येत होतं.

असाच एकदा पाय पुसताना मी म्हणालो, “नाना, अक्काले सांगी टाकू?”

“बोलू नको,” ते म्हणाले. “पोर तिना घर शे, दोन दिन रडी नि भूली जाई. तुले त रोज तुन्ही मायना हातनं खावानं शे.”

एवढं बोलून त्यांनी दुसरा पाय पुढे केला. बापाने मुलीला बाजूला सारून मुलाला वाचवलं होतं, आणि मी टॉवेलने बेचक्या कोरड्या करत होतो.

अक्का दोन दिवसांत विसरली नाही. ती यायची कमी झाली. आली की नानांच्या पायाशी बसायची आणि पायाकडे बघायची नाही.

शाळेत मात्र माझी प्रगती झाली. मुख्याध्यापक म्हणाले, “सर, तुम्हाला घरचा अनुभव आहे, पालकांना पायांच्या काळजीवर बोला.” मी बोललो. चांगलं झालं. आता आजूबाजूच्या गावांतूनही बोलावणं येतं, शाल मिळते, नारळ मिळतो. ‘चटका देऊ नका’ असं म्हणताना माझा आवाज दाटून येतो आणि माणसं टाळ्या वाजवतात. एका बाईंनी सांगितलं, तुमच्या बोलण्यात फार खरेपणा आहे. माझ्याकडे आठ शाली झाल्यात.

गेल्या महिन्यात अक्काचा फोन आला. भाषणाचा फोटो तिने बघितला होता. “भाऊ, चांगलं करी ऱ्हायना तू,” ती म्हणाली. मग म्हणाली, “माले बी शुगर निंघनी.”

“पाय कसे शेत, अक्का?”

“पाय बेस. चटई का फरशी, काही समजस नही. काहीच दुखस नही.” लगेच पुढे म्हणाली, “डॉक्टर त्याच जोडा घाल म्हनस. मी म्हनं, नही. त्या जोडानी मन्हा बापना आंगठा खादा. मी अनवानीच बरी.”

बोलायला पुन्हा एक सोपी जागा आली होती. मी घसा साफ केला आणि म्हणालो, “जेवण व्हयनं का?”

त्यानंतर दोनदा नंदुरबार स्टेशनवर जाऊन सुरतेच्या गाडीचं तिकीट काढलं आणि दोनदा चहा पिऊन परत आलो. हे सगळं तुम्हाला लिहून सांगितलं, कारण तुम्हाला माझं तोंड दिसत नाही. पण तुमचे पाय शाबूत आहेत आणि तुम्हाला सांगून अक्काचे पाय वाचणार नाहीत. सँडल चांगले होते, नानांचा पाय मी जाळला, तू आजपासून पायात घाल: एवढं अक्काला सांगणं माझ्याकडून अजून बाकी आहे.