काळ्याच्या अंगातलं दुसरं कुत्रं

मंडळी, दुपारपासून एक प्रश्न डोक्यातून जात नाही, म्हणून लिहितोय. मी परभणीत जनावरांचा डॉक्टर आहे.

पेडगावकडे मेंढ्या राखणाऱ्या सखूबाई आज त्यांच्या काळ्या कुत्र्याला घेऊन आल्या. दोन महिन्यांपूर्वी त्याच्या शेपटीखाली मोठी गाठ होती. मी इंजेक्शनं सांगितली होती, पण मेंढ्यांमागे फिरताना त्यांना येणं जमलं नाही. काळ्या गेलाच असेल, असं मी धरून चाललो होतो.

आज पाहतो तर गाठ बोराएवढी उरलेली!

गाठीतल्या पेशी काढून मायक्रोस्कोपखाली पाहिल्या. मागच्या वेळी नुसत्या गाठीच्या पेशी होत्या. आज त्यांच्यात जागोजागी रक्तातल्या पांढऱ्या पेशी घुसल्या होत्या. "काळ्याच्या शरीराने परकं कोण ते ओळखलंय," मी म्हणालो.

"परकं म्हंजे?" सखूबाईंनी विचारलं.

"हा कॅन्सर एका कुत्र्याकडून दुसऱ्याला लागतो. गाठ काळ्याच्या मांसाची नव्हतीच. हजारो वर्षांपूर्वी मेलेल्या एका कुत्र्याच्या पेशी आहेत त्या. अजून जिवंत आहेत."

त्यांनी काळ्याच्या पाठीवरचा हात झटकन काढला. "मेलेलं कुत्रं ह्याच्यात राहायलंय? मंग आता तरी सुटलं का ते?"

"ह्याच्यातून संपत आलंय. पण बाकीच्या कुत्र्यांत आहे."

 रिक्षात बसताना हळूच म्हणाल्या, "डॉक्टरसायेब, त्याला म्हाईत असंल का, आपुन मेलोय म्हणून?"

रिक्षा निघून गेली. तुम्ही काय सांगितलं असतं?