शर्यतीच्या वाटेवर सासुरवाडी

मिठबावच्या तिठ्यावर बाबली लोक्याचं किराणा दुकान होतं. दुकानात बाबली बसायचा असं म्हणण्यापेक्षा बाबलीच्या भोवती दुकान बसवलं होतं, असं म्हणणं जास्त खरं. सकाळी गादीवर टेकला की सगळं हाताच्या अंतरावर. उजवीकडे गुळाची ढेप, डावीकडे खाऱ्या दाण्यांची बरणी, समोर चणे. गिऱ्हाईक नसलं की हात आपणहून बरणीकडे जायचा, आणि गिऱ्हाईक असलं की त्याच्याशी बोलता बोलता जायचा. अशी बारा वर्षं गेली. बाबलीचा स्वभाव होता तसाच राहिला, बाकी सगळं वाढलं.

त्याची बायको सुभद्रा कातवणची. मिठबावहून कुणकेश्वरला जाताना मध्ये कातवण लागतं, तिथे चढावर, अगदी वाटेला लागून तिचं माहेर. तिची आई आनंदीबाई. सुभद्रा थोरली. धाकटी सत्यवती मुंबईला दिलेली, तिचा नवरा गुरुदास गोदीत कारकून. म्हणजे मानाने थोरला जावई बाबली. पण जावयाचा मान पंचांगावर ठरत नाही, अंतरावर ठरतो. गुरुदास वर्षातून दोनदा यायचा. तो आला की माळ्यावरची आरामखुर्ची खाली यायची, नवा पंचा निघायचा, साबणाची नवी वडी फुटायची. बाबली दर आठवड्याला यायचा, त्यामुळे त्याच्यासाठी काही बाहेर निघत नसे. उलट बाहेर असलेलं काहीतरी आत न्यायला त्यालाच सांगत. "बाबल्या, इलंस? बरा झाला. तेवढी भाताची कणगी सरकव बघया."

बाबली सरकवायचा. पण मनात कुठेतरी खुपायचं.

सत्तावन्न सालच्या चतुर्थीत हे खुपणं उघडं पडलं. जेवणं होऊन मंडळी ओट्यावर पानं लावत बसली होती. गुरुदास अर्थातच खुर्चीत. एवढ्यात तरुण मंडळाचा शिवा वही घेऊन आला. महाशिवरात्रीच्या आधी दोन दिवस मंडळ धावण्याची शर्यत भरवणार होतं, मिठबावच्या तिठ्यापासून कुणकेश्वरच्या देवळापर्यंत. पाचेक मैल. गुरुदासने लगेच नाव दिलं. गोदीच्या शर्यतीत त्याला एकदा बक्षीस मिळालं होतं, ते सांगून झालं. मग तो हसत म्हणाला,

"शिवा, आमच्या बाबलीभाऊंचापण नाव घाल रे. कोणतरी मागसून येवक व्हया ना, पडलेल्यांक उचलूक!"

ओटा हसला. सत्यवती हसली. आनंदीबाईंनी पदर तोंडाला लावला, पण खांदे हलत होते ते पदराने झाकले नाहीत. हसली नाही ती फक्त सुभद्रा. ती खाली मान घालून सुपारी कातरत राहिली, आणि सुपारी जरुरीपेक्षा फारच बारीक झाली.

"घाल," बाबली म्हणाला.

"खराच?" शिवाने विचारलं.

"घाल सांगतंय ना!"

परतताना सुभद्रा अर्ध्या वाटेपर्यंत पुढे पुढे चालली. मग म्हणाली, "नाव दिलात, आता पळाक व्हया."

"अजून पाच म्हयने आसत."

"तुमच्या पोटाक म्हयने कळनत नाय."

बाबलीने मनातलं सांगितलं. "माका पयलो येवचो नाय गो. गुरुदासाच्या एक पाऊल पुढे रवलंय, तरी बस. एकदाच त्या ओट्यार बसान मी हसतलंय."

सुभद्रेने दुसऱ्याच दिवशी बरण्या फळीच्या वरच्या खणात नेऊन ठेवल्या. शिडी लावल्याशिवाय दाणे नाहीत, आणि शिडीवर चढायचं तर बाबलीलाच शिडीची काळजी वाटायची. सकाळची पेज एक वाटी, दुपारी भाताचा डोंगर जाऊन टेकडी आली, रात्री ती टेकडीही सपाट झाली. माशाच्या कढीला तिने हात लावला नाही. माणसाला जगायलाही काही लागतं, हे तिला कळत होतं.

वजनाचं खातं धोंडूकडे होतं. धोंडू दुकानातला हमाल, वयाने बाबलीपेक्षा मोठा. खोबऱ्याची पोती तोलायचा जो मोठा काटा होता त्याच्या एका पारड्यात बाबलीला बसवून दुसऱ्या पारड्यात तो मणाची वजनं चढवत गेला. अडीच मणाला दोन शेर कमी भरले.

"शेट, दोन शेर तर आताच कमी आसत," धोंडू समाधानाने म्हणाला.

खरी पंचाईत पळण्याची होती. गावात त्या काळी विनाकारण कोणी पळत नसे. पळणारा माणूस म्हणजे कुणाला तरी सर्प चावलाय, नाहीतर गंजीला आग लागलीय. पहिल्या दिवशी उजाडताच बाबली धोतराचा काचा मारून तिठ्यावरून निघाला तो शंभर पावलांत मागे धपधप ऐकू आली. वळून बघतो तर मागे दोघे, एकाच्या हातात कोयता. पुढच्या वळणावर आणखी चार मिळाले, एकाने पाण्याची कळशीच उचलून आणली होती. गावच्या देवळापाशी बाबली धापा टाकत थांबला तेव्हा त्याच्यामागे वाढत गेलेली नऊ माणसं थांबली.

"काय झाला?" कोयतेवाल्याने विचारलं.

"काय नाय. पळतंय."

"कोणाच्या पाठसून?"

"कोणाच्या नाय."

"मगे तुझ्या पाठसून कोण आसा?"

"तुमीच आसात!"

हे उत्तर कुणाला पटलं नाही. बाबलीच्या डोक्यावर परिणाम झालाय अशी बातमी दुपारपर्यंत शेजारच्या तांबळडेगला पोचली. मग हळूहळू लोकांना कळलं, सवय झाली, आणि सवय झाल्यावर उपयोग सुचला. "बाबली, थयसर चललंस तर ही चिठी दी." "येताना माझ्या भावाक सांग, म्हस इली." महिन्याभरात बाबली रोज तीन मैल पळायचा आणि पाच निरोप पोचवायचा. निरोप असला की थांबता येत नाही, वाट बघत असतात. त्यामुळे पळणं थांबलं नाही. दिवाळीत पाच शेर उतरले. तुळशीच्या लग्नाला आणखी तीन. संक्रांतीला सदरा असा लोंबायला लागला की धोंडू म्हणाला, "शेट, आत अजून एक माणूस मावात." शिंप्याकडून खाकी हाफपँट शिवून घेतली तेव्हा सुभद्रा लाजून स्वयंपाकघरात गेली, आणि दाराच्या फटीतून बघत राहिली. शर्यतीच्या आदल्या दिवशी काट्यावर दोन मण चार शेर भरले. गुडघे कुरकुरत नव्हते, जिना चढून माणसाशी बोलता येत होतं, आणि झोप अशी लागायची की सुभद्रेला हलवून उठवावं लागायचं. एवढ्यावरच बाबली सुखी होता. पण एक पाऊल अजून राहिलं होतं.

शर्यतीला तेरा जण होते. गुरुदास पांढरे कॅनव्हासचे बूट घालून आला होता. बाबलीला बघून तो जरा थबकला. "बाबलीभाऊ, आजारी होतात काय?"

"होय. आता बरो आसय," बाबली म्हणाला.

शिवाने शिट्टी फुंकली आणि वही घेऊन तो सायकलने पुढे देवळाकडे निघाला. तरणी पोरं सुटली ती दिसेनाशी झाली. गुरुदास मधल्या घोळक्यात आणि बाबली त्याच्या मागे चाळीस पावलांवर. ते अंतर त्याने पहिले दोन मैल वाढू दिलं नाही, तिसऱ्या मैलात कमी करायला लागला. सुरूच्या बनाजवळ वीस पावलं राहिली. कातवणचा चढ लागला तेव्हा दहा. गुरुदासाचे बूट रेती भरून जड झाले होते. बाबली अनवाणी. चढ संपता संपता ह्याला गाठणार, हे त्याला आपल्या श्वासावरून कळलं.

आणि चढाच्या माथ्यावर आनंदीबाई उभ्या होत्या.

शर्यतीची वाट मंडळाच्या पोरांनी आखली होती आणि ती सगळी बिनलग्नाची. ह्या वाटेवर सासुरवाडी येते, हे त्यांच्या ध्यानात येण्याचं कारण नव्हतं. पण आनंदीबाईंच्या ध्यानात आठ दिवस होतं. दारात पाय धुवायला पाण्याचे दोन तांबे, ओट्यावर दोन पाट. पहाटे उठून त्यांनी शिरवाळे काढले होते, तांदळाच्या जाड शेवया, नारळाच्या गोड रसात बुडवून खायच्या. जावई घरावरून गेला आणि घरात आला नाही, असं त्या घरात कधी घडलं नव्हतं.

गुरुदासाने क्षणभर समोरच्या मोकळ्या वाटेकडे बघितलं. मग मागे बघितलं. मागून बाबली येत होता, आणि बाबली थांबणार हे नक्की होतं. म्हणजे आपण न थांबता गेलो, तर पुढची वीस वर्षं हीच गोष्ट. तो थांबला. बाबलीही थांबला. दोघांनी पाय धुतले. दोघे पाटावर बसले. समोर शिरवाळ्यांची ताटं आली.

"घेवा, जावयबापू, सावकाश घेवा," आनंदीबाई गुरुदासाला म्हणाल्या.

वाटेवरून मागचा एक गडी गेला. "येतंय हां!" असं म्हणून हात हलवून गेला. मग दुसरा. बाबलीने एक घास घेतला आणि गुरुदासाच्या ताटाकडे बघितलं. गुरुदासाने एक घास घेतला आणि बाबलीच्या ताटाकडे बघितलं. आधी उठेल तो उद्धट. तिसरा गडी गेला. पाच महिन्यांची पेज, निरोप, चौदा शेर, सगळं त्या रसात बुडत चाललं होतं.

"बाबल्या!"

आनंदीबाई कमरेवर हात ठेवून उभ्या होत्या.

"काय, आये?"

"तू कित्याक बसलंस?"

बाबलीने ताटाकडे बोट दाखवलं.

"तुका पळूचा नाय? उठ आधी! तू घरचो. आज बसलंस काय, उद्या बसलंस काय. ह्येंची गोष्ट वेगळी, ह्ये वर्षातसून दोनदा येतत. ह्येंका असो सोडलंय तर लोक माका काय म्हणतले? तू जा. ताट झाकून ठेवतंय."

गुरुदास अर्धवट उठला. "मामी, मीपण जरा..."

"बसा मरे तुमी! सत्यवती, रस वाढ ह्येंका. काय खाल्लानीच नाय!"

बाबली ओट्याखाली उतरला. पहिली दहा पावलं त्याला राग आला होता, आज शर्यतीच्या दिवशीही मान साडूलाच! पुढच्या दहा पावलांत त्याला कळलं की वाट मोकळी आहे. आणि मग त्याला हसू यायला लागलं. पळताना हसू नये, कुशीत कळ येते, पण त्याला आवरेना. मागून आनंदीबाईंचा आवाज आला, साऱ्या कातवणला ऐकू जाईल असा, "पाय उचल रे माझ्या पुता! त्या लाल सदऱ्यावाल्याक गाठ!"

लाल सदऱ्यावाल्याला त्याने कुणकेश्वरच्या अलीकडे गाठलं, आणखी एकाला किनाऱ्याच्या पुळणीत. देवळाच्या पायऱ्यांशी पोचला तेव्हा शिवाने वहीत लिहिलं, सहावा. सुभद्रा आदल्या दिवसापासून तिथे मावशीकडे येऊन राहिली होती. ती गर्दीतून पुढे आली, पदराने त्याचा घाम पुसावा की न पुसावा ह्या विचारात पदर हातात धरून उभी राहिली आणि शेवटी स्वतःचेच डोळे पुसून मोकळी झाली.

गुरुदास पाऊण तासाने आला. चालत. बूट हातात घेतलेले. तो पायरीवर बसला आणि बुटांतली रेती झटकायला लागला.

"किती वाढल्यानी?" बाबलीने विचारलं.

"तीन येळा. वर दोन करंज्यो." गुरुदासाने सुस्कारा टाकला. "बाबलीभाऊ, एक विचारू? घरचो व्हवक किती वर्षां लागतत हो?"

बाबलीने ओट्यावर बसून हसायचं ठरवलं होतं. आता हसायला हरकत नव्हती, पण गुरुदासाचं तोंड बघून त्याला वेगळीच कणव आली. बिचारा दहा वर्षं त्या खुर्चीत ताठ बसतोय.

"माळ्यार चढूक येता तुका?" त्याने विचारलं.

"येता की."

"मगे उद्या माझ्यावांगडा ये. कौलां परतूची आसत. खुर्ची काढूच्या आधी येवक व्हया मात्र."

गुरुदास हसला. मग कपाळावर हात मारून म्हणाला, "इसारलंयच. मामीन तुमका निरोप दिल्यान. येताना जत्रेतसून दोन सुपां घेऊन येवा म्हणान. मी म्हटलंय, मी हाडतंय. तर म्हणता, तुमका नाय जमाचा, बाबली बरोबर बघून घेता."

बाबली उठला. जत्रेची दुकानं नुकती मांडत होते. पहिल्या दुकानातली सुपं त्याने उजेडात धरून बघितली आणि वीण सैल आहे म्हणून परत केली. दुसऱ्या दुकानात तो उकिडवा बसला, सहज, पोट आड न येता, आणि एकेक सूप हाताने झटकून बघायला लागला.