मानपत्रातली शिक्षा

छत्तीसगढ वेगळं राज्य झालं, रायपूर त्याची राजधानी झालं आणि शहरात जिकडेतिकडे सळ्या, सिमेंट आणि सत्काराचे मांडव दिसू लागले. त्यातलाच एक मांडव आमच्या शाळेचा. ज्यांचा सत्कार होता त्यांना सगळे भाऊ म्हणायचे. शहरातल्याच गुढियारी वस्तीतल्या एका गवंड्याचा हा मुलगा आता नव्या राज्यातल्या बांधकामवाल्यांच्या संघटनेचा अध्यक्ष होता आणि त्यांनी शाळेला सहा खोल्या बांधून दिल्या होत्या. खोल्यांच्या आधी मात्र त्यांनी पश्चिमेला एक लांबरुंद वरांडा बांधला. जुने वर्ग गळत असताना आधी वरांडा कशाला, म्हणून आमचे सचिव बरेच दिवस कुरकुरत होते. मला तो सोयीचा पडला. मराठीच्या तासाला जो हिंदीत बोलेल त्याला मी तिथे उभं करायची.

मी त्या शाळेची मराठीची बाई. चिडकी, आणि चिडकेपणाचा अभिमान असलेली. शाळा मराठी मंडळींनी काढलेली, पण मुलांची घरंदारं हिंदी झालेली. मराठीत विचारलं की हिंदीत उत्तर यायचं आणि माझं डोकं फिरायचं. सत्काराच्याच आठवड्यात सातवीतली एक मुलगी उठून म्हणाली, "मैडम, मुझे समझ नहीं आया." समजलं नाही हे सांगायलाही हिंदी! तास संपेपर्यंत ती वरांड्यात होती.

सत्काराच्या आधी सचिवांनी मला ऑफिसात बोलावलं. "बाई, पोट्टे मराठी बोलूनच नाही राहिले. मंग हा तास आपण कोणासाठी चालवून राहिलो? कमिटीत विषय आहे. त्या जागी कॉम्प्युटर टाका म्हणतात." माझी नेमणूक तेवढ्या तासांपुरतीच होती. तास गेला की मीही गेले. मग तेच म्हणाले, "मानपत्र तुम्ही लिहा. पाहुणे म्हणून नागपूरचे मराठीचे प्रोफेसर येऊन राहिले. त्याइले दिसू द्या इथलं मराठी, मंग कमिटीले सांगायले मले तोंड राहीन."

म्हणजे परीक्षा माझीच होती. आठ वेळा लिहिलं, आठ वेळा फाडलं. शेवटी स्वतःवरच खूश होऊन कागद सदर बाजारात पितळी पाट्या कोरणाऱ्याकडे देऊन आले.

पाटी हातात पडली ती सत्काराच्या दिवशी दुपारी. रिक्षात बसल्या बसल्या वरचा कागद सोडला आणि कौतुकानं वाचू लागले. तिसऱ्या ओळीवर अडकले. 'गोरगरिबांच्या मुलांना शिक्षा मिळावी म्हणून आपण आयुष्यभर झटलात.'

हिंदीत शिक्षा म्हणजे शिक्षण. मराठीत शिक्षा म्हणजे छड्या, उठाबशा, अंगठे धरणं. गोरगरिबांच्या मुलांना छड्या बसाव्यात म्हणून भाऊ आयुष्यभर झटले, असं आम्ही पितळेवर कोरून त्यांना देणार होतो.

रिक्षा उलटी फिरवली. कोरणाऱ्यावर अशी काही तुटून पडले की शेजारच्या दुकानातली गिऱ्हाइकं वळून बघू लागली. त्यानं शांतपणे खण उघडून माझा कागद पुढे केला. अक्षर माझंच होतं, वळणदार, आणि शब्दही तोच. "जो लिखा था वही खोदा, दीदी. और इसमें गलत क्या है?" दुसरी पाटी करायला वेळ नव्हता. हे तरी खोडता येईल का, असं विचारलं तर म्हणाला, "पीतल है दीदी, रबर से थोड़े मिटेगा."

पितळ उघडं पडणं म्हणजे काय ते त्या दिवशी मला कळलं. आठ वेळा लिहिताना एकदाही तो शब्द मला टोचला नव्हता, याचीच जास्त भीती वाटत होती. पोरांच्या तोंडातली हिंदी हुडकून काढणाऱ्या माझ्या डोक्यात ती कधी मुरली, मला पत्ता नव्हता.

संध्याकाळी मांडव भरला. मी एवढंच ठरवलं होतं की वाचताना शिक्षण म्हणायचं आणि पुढचं नशिबावर सोडायचं. पाटी टेबलावर टेकवून वाचायला लागले. तिसऱ्या ओळीला 'शिक्षण' म्हटलं आणि घाईघाईनं शेवट गाठला. टाळ्या झाल्या. प्रोफेसरांनी पाटी भाऊंच्या हाती दिली. भाऊंनी ती पिशवीत ठेवावी म्हणून मी मनात देवाच्या विनवण्या करत होते, तर त्यांनी खिशातून चष्मा काढला, डोळ्यांवर चढवला आणि ओळीखाली बोट धरून वाचायला लागले. पहिली ओळ. दुसरी. तिसरीवर बोट थांबलं. बाजूला वाकलेल्या प्रोफेसरांच्या भुवया वर गेल्या. सचिवांनी माझ्याकडे पाहिलं आणि मी जमिनीकडे.

भाऊ माइकपाशी आले.

"बाईनं वाचताना शब्द बदलला," ते म्हणाले. "काहून बदलला? पाटीवर आहे तेच खरं आहे." त्यांनी ओळ जशीच्या तशी वाचली. अर्ध्या मांडवाला त्यात काही वावगं वाटलं नाही, उरलेला अर्धा हसायचं की नाही या विचारात पडला. "मी ह्याच शाळेत होतो, दुसरीपर्यंत. पाऱ्यात, म्हंजे आमच्या मोहल्ल्यात, सगळे हिंदी, छत्तीसगढी बोलत. मास्तर मराठीत विचारे, माह्या तोंडातून हिंदी निंघे. मंग बाहेर उभं करे, ह्या पश्चिमेच्या उन्हात. एक दिवस उभ्या उभ्याच घरी गेलो, न् दुसऱ्या दिवशी बापासंगं कामावर. शाळेनं मले शिक्षाच देल्ली. म्हणून पहिले वरांडा बांधला. म्हटलं, पोट्टे बाहेर उभे तं राहतीनच, सावलीत तरी राहू द्या."

कुणी हसलं नाही. पाटी घरी नेणार नाही, वरांड्यातच लावा, असं त्यांनी सचिवांना सांगितलं. मग म्हणाले, "तास बंद करू नका. पण कोणाले बाहेरही काढू नका."

त्यांचं हे म्हणणं मोडण्याची कमिटीत कुणाची छाती नव्हती. तास राहिला, मीही राहिले. प्रोफेसर जाताना माझ्याशी एक शब्द बोलले नाहीत.

सोमवारी सातवीवर गेले. कशावरून तरी ती मुलगी पुन्हा हिंदीतच बोलली आणि माझा हात सवयीनं दाराकडे उठला. तसाच खाली घेतला. काहीतरी विचारायचं म्हणून विचारलं, "शिक्षा म्हणजे काय गं?"

"पढ़ाई, मैडम."

"आणि मराठीत?"

तिनं दाराबाहेर, वरांड्याकडे बोट दाखवलं.