बाबांचा घसा बसलाय

मी वर्षभर एकटी परदेशात फिरायला निघाले, तेव्हा बाबांनी माझ्या हातावर दही ठेवलं आणि म्हणाले, "माझ्याकडे येतात ते सगळे शेवटच्या प्रवासाचे. घरातून एक तरी हौसेचा प्रवास होऊ दे." आई म्हणाली, निघताना असलं काही बोलू नये. बाहेर रिक्षा उभी होती, माझा भाऊ मंदार तिच्यात सॅक कोंबत होता. मी दही चाटलं आणि हात जीन्सला पुसला. बाबांना मी शेवटचं पाहिलं ते असं, खांद्यावर उपरणं आणि रामकुंडावर जायची घाई. घाई त्यांना नेहमीच असायची.

बाबा पंचवटीतले गुरुजी. अस्थिविसर्जन, दहावे, श्राद्धं यांवर आमचं घर चाललं. लोक मरणाबद्दल हलक्या आवाजात बोलतात, आमच्याकडे जेवताना बोलायचे. दहाव्याला पिंड ठेवून कावळा शिवायची वाट पाहतात. नाही शिवला तर गेलेल्याची काही इच्छा राहिली असं समजून घरचे हात जोडतात आणि अमुक करू, तमुक करू असं कबूल करत बसतात. बाबांचं यावर ठरलेलं बोलणं होतं. "इच्छाबिच्छा काही नसते. उन्हं चढेपर्यंत रामकुंडावरचा कावळा तुडुंब जेवलेला असतो. सकाळी लवकर या म्हणतो, तर लोक ऐकत नाहीत." मग कोणी कावळ्याला काय काय कबूल केलं ते रंगवून सांगायचे आणि आम्ही हसायचो. आई सगळ्यांत जास्त.

पुण्यातली नोकरी सोडून मी ते गॅप इयर घेतलं होतं. काकूला हा शब्द समजावून सांगितला, तेव्हा ती म्हणाली, म्हणजे रिकामी बसणार. थायलंड झालं, कंबोडिया झालं, मग लाओस. सोलो ट्रॅव्हलबद्दल लोक काय काय सुंदर लिहितात. मला आठवतात ते डॉर्ममधले न वाळणारे टॉवेल, आणि पोट बिघडून दिवसभर पडून राहिले तरी एकानंही पाणी हवंय का असं न विचारणं. घरी फोनवर मात्र मस्त चाललंय. काळजी नको म्हणून लपवायचं, हे आमच्या घरात सगळ्यांनाच छान जमतं.

लाओसमध्ये मी मेकाँग नदीतून जाणारी बोट घेतली. दोन दिवस रेंज नव्हती. उतरल्यावर फोन केला तर मंदार म्हणाला, बाबांचा घसा बसलाय, डॉक्टरांनी बोलू नका म्हणून सांगितलंय. पुढच्या रविवारी पुन्हा घसा. त्याच्या पुढच्या रविवारीही घसाच. आई व्हिडिओ कॉल घेईना, नेट नाही म्हणायची. मी बाबांना हळद-दूध घ्या, गुळण्या करा असे मेसेज पाठवत होते आणि त्यावर बाबांच्या फोनवरून अंगठा येत होता. मधल्या काळात मी बोटीतले, धबधब्यातले हसरे फोटो टाकले. आत्यानं त्यावर "छान" असं लिहिलंही.

मला बातमी दिली ती देवळ्याच्या एका कांदा व्यापाऱ्यानं. बाबांचे जुने यजमान. यजमानांना घाटाचं लोकेशन मी पाठवायचे, म्हणून त्यांच्याकडे माझा नंबर होता. हॉस्टेलच्या व्हरांड्यात मी नूडल्स खात होते आणि मेसेज आला. "गुरुजी गेल्याचं आत्ता समजलं ताई. लय वाईट झालं. आईचं वर्षश्राद्ध आता कोणाकडं करायचं?"

मी आईला फोन लावला. काय विचारलं ते आठवत नाही, कदाचित नुसतं आई म्हणाले असेन.

"तू ऐकलंस?" आई म्हणाली. मग, "आधी आंघोळ कर. मग बोलू."

घरातलं माणूस गेल्याचं कानावर आलं की आधी आंघोळ. नवऱ्यासाठी रडणाऱ्या बाईला त्यातही नियम आठवला. मी कॉमन बाथरूममध्ये कपड्यांसकट शॉवरखाली उभी राहिले. बाहेरून कोणीतरी दार वाजवत होतं, आटप म्हणून. बाबांसाठी मला मिळाला तो एवढाच वेळ.

बाकीचं घरी पोचल्यावर समजलं. बाबा घाटावरून आले आणि चहा पिता पिता गेले, मी बोटीत होते तेव्हा. माझा फोन लागेना, म्हणून माझी वाट न पाहता मंदारनं अग्नी दिला. पोर परक्या मुलखात एकटी, तिला कोण सावरणार, म्हणून आई म्हणाली की दहाव्यानंतर सांगू. दहाव्याला माणसं जमता जमता ऊन चढलं आणि पिंडाला कावळा शिवेना. मंदारनं कबूल करून पाहिलं, काकांनी पाहिलं. शेवटी आई पुढे झाली आणि म्हणाली, लेकीला मधेच बोलावणार नाही, तिचं वर्ष पुरं होऊ देऊ. कावळा आला. झालं. त्यानंतर मला खरं सांगायची कोणाची छाती होईना.

मी इतकी चिडले होते की आईच्या मिठीतही गेले नाही. म्हटलं, तू तर हसायचीस. बाबा काय सांगायचे ते तुला माहीत नव्हतं?

"दुसऱ्याच्या पिंडावरचा असतो तेव्हा तो नुसता कावळा असतो," आई म्हणाली. "आणि तुला तिथे एकटीला रडावं लागलं असतं."

"एकटीलाच रडावं लागलं, आई."

मला त्या घरात राहवेना. आता मी व्हिएतनाममध्ये, दा नांगला राहते, मुलांना इंग्रजी शिकवते. वर्क परमिट आहे, स्कूटर आहे, सकाळी फो, म्हणजे तिथलं नूडल्सचं सूप, खाते. मराठी बोलते ती फोनवरच. माझ्यासारख्या बाहेर पडलेल्यांना सांगण्यासारखं माझ्याकडे काही नाही. मागे राहिलेल्यांना आहे. आम्हाला त्याच दिवशी सांगा. एकटीनं रडता येतं. आपल्या माणसांत आपल्यालाच तेवढं माहीत नव्हतं, हे मात्र सहन होत नाही.

गेल्या महिन्यात मंदारचा फोन आला. आईचा घसा बसलाय म्हणाला. मी पुढे काही विचारलं नाही. सरळ तिकीट काढलं. आता घर म्हणजे माझ्यासाठी अशी जागा आहे, की तिथलं काहीही खरं मानायला मला स्वतः दारात जाऊन उभं राहावं लागतं.

दार आईनंच उघडलं. गळ्याला मफलर होता. "खरंच बसलाय गं," ती कशीबशी बोलली. मी चपला न काढता उंबऱ्यातच तिच्या गळ्यात पडून रडले.

परत निघाले तेव्हा तिनं माझ्या हातावर दही ठेवलं आणि त्या फाटक्या आवाजात म्हणाली, "माझा दहावा सकाळी लवकर घ्या. कावळे उपाशी असतात तोवर. कोणाला काही कबूल करावं लागू नये."

निघताना असलं काही बोलू नये, असं म्हणायची आता माझी पाळी होती. मी दही चाटलं आणि बरं म्हटलं.