टाकी रिकामी करायच्या दिवशी

"कांबळे मॅडम, ही टाकी तीन वाजेपर्यंत रिकामी करून स्वच्छ पाहिजे," आमचे प्लांट हेड पाटणकर सर म्हणाले. "उद्या कस्टमर ऑडिट आहे. आत नुसतं गवत माजलंय. कस्टमरला काय तळं दाखवायचंय?"

मी चाकणच्या एका कंपनीत ईटीपी सांभाळते. ईटीपी म्हणजे कारखान्याचं सांडपाणी शुद्ध करणारा विभाग. आमच्याकडे गाड्यांचे पार्ट धुतात, रंगवतात. ते पाणी शेवटी माझ्याकडे येतं. शुद्ध झालेल्या पाण्याची एक बारीक धार काचेच्या टाकीत सोडलेली असते आणि टाकीत गप्पी मासे, थोडं पाणगवत. मासे ठणठणीत, तर पाणी ठीक. मीटर असतात, रजिस्टर असतं, पण बाहेरच्या माणसाला मासा लगेच कळतो.

सर ऑफिसात गेले. मी पाणी उपसायला नळी घेतली. ऑपरेटर बबनराव बादली घेऊन आले. हे शेजारच्याच गावचे, पन्नाशीचे. जमीन कंपन्यांत गेली, घरी दोन म्हशी अजून आहेत.

चार बोटं पाणी उतरलं असेल. बबनराव म्हणाले, "मॅडम, थांबा. ही मासळी बघा. हिचं काय खरं न्हाई."

एक मादी कोपऱ्यात, तळाशी थरथरत होती. पोट इतकं फुगलेलं की चौकोनी दिसावं. शेपटीकडच्या बाजूला काळा डाग. मला वाटलं, मेली ही. पाणी बिघडलं की काय म्हणून मी मीटर आणायला वळले.

"मॅडम," बबनराव हळूच म्हणाले, "काहीतरी पडलं तिच्यातून."

मी नळी काढली आणि काचेला नाक लावलं. तिच्या पोटाखालून एक गुंडाळी बाहेर आली. राईच्या दाण्याहून थोडी मोठी. खाली पडता पडता ती उलगडली. त्या उलगडलेल्या दोऱ्याला दोन डोळे होते. क्षणभर ते पिल्लू तळावर पडून राहिलं, मग शेपटी हलवली आणि सरळ वर, गवतात शिरलं.

"मासे अंडी घालत्यात ना?" बबनराव म्हणाले.

"हे नाही घालत. अंडी पोटातच ठेवतात. महिनाभर. पिल्लू पोहण्याइतकं झालं की सोडतात."

मी केमिस्ट्री शिकलेय. हे वाचलेलं होतं. अकरा वर्षं याच टाकीशेजारी बसते, पण पाहिलं त्या दिवशी. दुसरं पिल्लू आलं. तिसरं आलं. तिसरं वर जात होतं तेवढ्यात एक नर आला आणि त्याने ते गिळलं.

बबनराव कॅन्टीनमध्ये गेले आणि चहाची मोठी गाळणी घेऊन आले. बाकीचे मासे आम्ही टाकीतल्याच पाण्याने भरलेल्या बादलीत काढले. मादीला हात लावला नाही. अशा वेळी हलवलं तर ती दगावू शकते.

तीन वाजता सर आले. टाकी तशीच, गवत तसंच.

"मॅडम, मी काय सांगितलं होतं?"

"सर, हळू," बबनराव म्हणाले. "म्हैस विताना आमी मोठ्यानं बोलत न्हाई."

बबनराव सरांना असं कधी बोलले नव्हते. सर माझ्याकडे बघायला लागले. मी टाकीकडे बोट केलं. ते वाकले, मग गुडघ्यावर बसले. ऑडिटसाठी इस्त्री केलेली पँट ओल्या फरशीवर. एक पिल्लू आलं, उलगडलं, वर गेलं. सरांनी चष्मा पुसला. आणखी एक आलं. या वेळी मादी वळली आणि त्याच्यावर झडपली. पिल्लू गवतात घुसलं म्हणून वाचलं.

"आईच खाते?"

"तिला ओळखू येत नाही, सर. ती त्यांना जपते ते पोटात. बाहेर आल्यावर त्यांना आधार या गवताचाच."

सरांनी काचेला नाक लावून गवतातली पिल्लं शोधली. मग म्हणाले, "राहू दे गवत."

बबनरावांची शिफ्ट साडेतीनला सुटली. कंपनीची बस गेली तरी ते थांबले. पाचच्या सुमाराला मादीचं पोट सपाट झालं. तिला आम्ही दुसऱ्या बादलीत काढलं. गवतात नखाएवढ्या जागेत चार-पाच पिल्लं, सगळी धारेकडे तोंड करून. त्या धारेतलं पाणी सकाळपर्यंत रंगाचं, तेलाचं होतं. मीच ते शुद्ध केलं होतं, तरी माझा विश्वास बसेना.

दुसऱ्या दिवशी ऑडिटर आल्या. रजिस्टर पाहिलं, मीटर पाहिले, मग टाकीपाशी थांबल्या.

"ही पिल्लं विकत आणलीत?"

"नाही मॅडम. काल इथेच झाली."

"या पाण्यात?"

"याच पाण्यात."

त्यांनी पेन खिशाला लावलं आणि वाकून बघत राहिल्या. सर मागून हळूच म्हणाले, "जरा हळू बोला, मॅडम."

ऑडिटमध्ये आम्ही पास झालो. ईटीपीला एकच शेरा आला: टाकीला झाकण नाही. सरांनी दोन दिवसांत अॅक्रिलिकचं झाकण बनवून घेतलं. ते नीट बसतंय का, हे बघायला ते अजून रोज सकाळी येतात. झाकण पहिल्या दिवसापासून नीट बसतंय. मी मात्र एवढं शिकले, की ऑडिटच्या आदल्या दिवशी साफसफाई काढू नये.