माझ्या केबिनचा पंचनामा

ती घटना आठवली की मला आधी माझी चूक आठवते, गुन्हा नंतर.

पोलीस खात्यातून स्वेच्छानिवृत्ती घेऊन मी अबुधाबीला आलो होतो. दोन हजार साल नुकतंच मागे पडलं होतं. तिथल्या मुसफ्फा या औद्योगिक भागात एका कंपनीच्या गोदामांचा मी सिक्युरिटी मॅनेजर होतो. वर्दी गेली होती, संशय मात्र गेला नव्हता. एका सकाळी गोदामाच्या भिंतीशी एक टक्कल पडलेला माणूस पावलं मोजताना दिसला. दहा पावलं इकडे, दहा तिकडे, मधेच डोळ्यांपुढे बोटांची चौकट. चोरी करण्याआधी जागा हेरणारे असेच हिंडतात. मी त्याला केबिनमध्ये बसवलं आणि पाऊण तास नाव, गाव, धंदा विचारत राहिलो. चहासुद्धा दिला नाही.

शेवटी तोच म्हणाला, "साहेब, ओळखलं नाहीत? चौकीसमोरचा व्हिडिओवाला!"

मी खुर्चीतून उठलोच. आता तो गुन्हेपटांचा नावाजलेला दिग्दर्शक होता. आमच्या गोदामात शूटिंग करायला त्याला कंपनीने परवानगी दिली होती. परवानगीचं पत्र माझ्याच टेबलावर होतं आणि त्यावर 'पाहिले' म्हणून माझी सहीही होती.

पूर्वी आमच्या चौकीसमोर त्याची व्हिडिओ लायब्ररी होती. झडती किंवा जप्ती करताना दोन त्रयस्थ माणसं पंच म्हणून लागतात. पंच म्हटलं की रस्त्यावरचा माणूस पळत सुटतो. हा हाकेच्या अंतरावर, म्हणून आम्ही ऊठसूट यालाच बोलवायचो. नियमात ते बसत नाही. पण निवृत्तीनंतर माणूस थोडं खरं बोलायला लागतो. त्याच्यात एकच खोड होती. पंचनामा वाचल्याशिवाय तो सही करायचा नाही. "साहेब, खिडकी अर्धी उघडी आहे, तुम्ही बंद लिहिलंय." मी ओरडायचो, "वाचायचंय काय त्यात? सही कर आणि दुकान उघड!"

पुढे दुकान विकून तो सिनेमात गेला. त्याच्या सिनेमातली चौकी खरी वाटायची. खुंटीवरचा पट्टा, डुगडुगणाऱ्या टेबलाखाली घातलेली पुठ्ठ्याची घडी, सगळं जिथल्या तिथे. लोक म्हणत, केवढी प्रतिभा! मला माहीत होतं, ते आमच्या पंचनाम्यांतून उचललेलं होतं. तीन सिनेमे चालले, नंतरचे दोन सपाटून पडले.

"हा शेवटचा, साहेब," तो म्हणाला. "निर्मात्याने स्पष्टच सांगितलंय. तुमच्या गोदामातली मारामारी जमली तर मी उभा राहीन. नाहीतर परत दुकान, आणि आता कॅसेटी कोण नेतो?"

शूटिंगच्या शेवटच्या दिवशी सकाळी मारामारी झाली. लाकडी जिना, खोकी, काचेची खोली, सगळं एकदाच मोडायचं होतं आणि ते मोडलं. मीही बघत उभा होतो. दुपारचं जेवण युनिटबरोबरच घेतलं; पाहुण्यांना वाईट वाटायला नको. तीन वाजता सामान बांधताना बोंब झाली. शूट केलेल्या फिल्मचा गोल पत्र्याचा डबा सापडत नव्हता. नेमका त्या मारामारीचा.

बाहेर ऊन असं की गाडीच्या दाराला हात लावला तर कातडी चिकटावी. त्या उन्हात फिल्म राहिली तर संपलीच. दिग्दर्शक मोडक्या जिन्याच्या पायरीवर बसला होता.

एवढ्यात दुपारपाळीचा नेपाळी वॉचमन कानाशी लागला. "साब, पठान ड्रायव्हर ने एक गोल डब्बा पिकअप में रखा है. मैंने देखा."

खबर मिळाली की माझं वय वीस वर्षांनी कमी होतं. मी पठाणाला केबिनमध्ये बोलावलं आणि जुन्या पद्धतीने एसी बंद करून प्रश्न सुरू केले. अर्ध्या तासात घामाने मी भिजलो. तो पेशावरकडचा, त्याला काहीच झालं नाही. शेवटी त्याने स्वतःच डबा आणून उघडला. आत नान होते.

"खा लो साहब," तो म्हणाला. "थके लगते हो."

मी बाहेर आलो. दिग्दर्शकाने माझा चेहरा पाहिला, पँट झटकली आणि उठला. "साहेब, पंचनामा करू. दारापासून, उजव्या हाताने. दिसेल ते लिहायचं, वाटेल ते नाही."

तो सांगत गेला, मी लिहीत गेलो. आयुष्यात पहिल्यांदाच पंच सांगत होता आणि साहेब लिहीत होता. गोदामात काही निघालं नाही.

"आता तुमची केबिन."

"माझी? अरे, मी इथला सिक्युरिटी मॅनेजर आहे!"

"पंचनाम्यात साहेब नसतो. चतुःसीमा असते."

टेबल एक. खुर्च्या दोन. एसी बंद. मग त्याने टेबलावरचं रजिस्टर उघडलं आणि सवयीने वाचायला लागला. एका ओळीवर त्याचं बोट थांबलं. सकाळी साडेअकरा: 'राउंड डब्बा वन, टेप लगा हुआ, लावारिस. खाना होगा. फ्रिज में रखा.' खाली माझी सही. ठसठशीत.

बेवारस वस्तू केबिनमध्ये जमा करायची, हा हुकूम माझाच होता. सकाळच्या वॉचमनने तो इमानदारीने पाळला, रजिस्टर माझ्यापुढे धरलं आणि दोन वाजता ड्यूटी संपवून तो कामगारांच्या कॅम्पच्या बसने निघून गेला. केबिनमधला छोटा फ्रिज उघडला. माझ्या जेवणाच्या डब्याला टेकून, थंडगार, फिल्मचा डबा बसला होता.

दिग्दर्शकाने तो छातीशी धरला. मला वाटलं, आता हा मला सुनावणार. पण त्याचे डोळे भरून आले होते. "साहेब, बाहेर असता तर भाजला असता. तुमच्या न वाचण्याने वाचवलं मला."

सिनेमा चालला. नंतर त्याने आणखी चार केले. एकात एक जाडा इन्स्पेक्टर न वाचताच सह्या करत सुटतो. थिएटर हसलं, त्यात मीही होतो.

तीस-एक वर्षांच्या नोकरीने मला माणसांचे चेहरे वाचायला शिकवलं. पण सही करण्याआधी कागद वाचावा, हे मला एका व्हिडिओवाल्याने शिकवलं, तेही परक्या मुलखात, माझ्याच टेबलावर.

डबा सापडला त्या संध्याकाळी खलिफा सिटीतल्या घरी मी सगळं रंगवून सांगितलं. मुलगी म्हणाली, "बाबा, यू नेव्हर रीड एनीथिंग," आणि अभ्यासाला गेली. मेथी निवडता निवडता बायकोने विचारलं,

"अहो, तो फिल्मचा डबा तुमच्या जेवणाच्या डब्याला टेकून होता ना? साडेअकरापासून?"

"हो ना! अगदी टेकून!"

"म्हणजे जेवणाचा डबा काढायला तुम्ही फ्रिज उघडलाच नाहीत. उघडला असता तर एक वाजताच तो दिसला असता, केस झालीच नसती." तिने मेथीची जुडी बाजूला ठेवली. "आता खरं सांगा. डॉक्टरांनी बंद केलंय माहीत असून, युनिटच्या पंगतीत मटण बिर्याणी किती वेळा घेतलीत?"